बीटीएसमधली वीर्यमात्रा: बाटलीत तीन दिवस, बीजवाहिनीत एक दिवस

वराहपालनात कृत्रिम रेतनासाठी जी द्रव वीर्यमात्रा मिळते ती म्हणजे ८० ते १०० मिलीची प्लॅस्टिकची बाटली किंवा चपटी ट्यूब, तीत पातळ केलेले वीर्य, आणि सोबत मादीच्या गर्भाशयमुखात अडकवायची एक नळी. पातळ करायला वापरलेले द्रावण बहुतेक वेळा बीटीएस असते, नाहीतर त्याच घराण्यातले एखादे. पूर्ण नाव बेल्ट्सव्हिल थॉइंग सोल्युशन. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातल्या पर्सेल आणि जॉन्सन यांनी १९७५ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि तेही गोठवलेले वीर्य वितळवण्यासाठी. ताजे वीर्य दोन-तीन दिवस टिकवायला ते इतके सोयीचे निघाले की अर्ध्या शतकानंतरही नवी द्रावणे त्याच्याशीच ताडून पाहतात.

या परीक्षणात द्रावण, मात्रा, साठवणुकीची पेटी आणि नळी या चारही गोष्टी पाहिल्या आहेत. निकष मात्र एकच ठेवला आहे: ही वस्तू डुकरिणीच्या शरीराला त्याचे काम करू देते का? बाटलीचे काम रेतनाच्या क्षणी संपते. त्यानंतर अंडे सुटेपर्यंतचे १२ ते २४ तास शुक्राणू जिवंत ठेवण्याची जबाबदारी मादीची बीजवाहिनी उचलते, आणि त्या कामात तिची बरोबरी करणारे द्रावण आजवर बाजारात आलेले नाही.

आधी बीजवाहिनी

नैसर्गिक समागमात नर २०० ते ३०० मिली वीर्य थेट गर्भाशयमुखात सोडतो. तिथून पुढचा प्रवास शुक्राणू शेपटीच्या बळावर करत नाहीत. मोठ्या मादीच्या गर्भाशयाचे एकेक शिंग मीटरभर लांब असते. ते अंतर गर्भाशयाच्या आकुंचनामुळे कापले जाते. वाटेत बरेचसे वीर्य मागे ओघळून बाहेर पडते आणि काही तासांतच पांढऱ्या पेशी गर्भाशयात उतरून उरलेले शुक्राणू गिळायला लागतात. गर्भाशय शुक्राणूंना मुक्कामाला ठेवत नाही, ते फक्त पुढे ढकलते.

शिंगाच्या टोकाला, गर्भाशय आणि बीजवाहिनी जिथे मिळतात तिथे, वाट एकदम अरुंद होते. माजात इथल्या भिंतीला सूज असते आणि आत चिकट स्राव असतो. ही खिंड ओलांडायला मात्र शेपटी धड चालावी लागते आणि डोक्यावरचे आवरण शाबूत असावे लागते. कोट्यवधींतून काही हजार, फार तर लाखाच्या आसपास शुक्राणू पलीकडे जातात, आणि त्यांतले पहिले पुरेसे शुक्राणू रेतनानंतर तासा-दोन तासांतच पोचलेले असतात. पलीकडच्या अरुंद भागाला इस्थमस म्हणतात. शुक्राणूंचे कोठार इथे आहे.

या कोठारात शुक्राणू नुसते पडून राहत नाहीत. ते डोक्याच्या टोकाने भिंतीच्या पेशींना आणि त्यांच्यावरच्या बारीक केसांना चिकटतात. बीजवाहिनीचा ताजा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर हे स्पष्ट दिसते: डोकी भिंतीला टेकलेली, एकाच दिशेने रांगेत, आणि शेपट्या मागे संथ हलत असलेल्या. ज्यांचे आवरण फाटले आहे किंवा ज्यांची फलनाची तयारी वेळेआधीच उरकली आहे ते चिकटत नाहीत, तसेच तरंगत राहतात.

चिकटल्यामुळे काय होते, हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड मिलर यांच्या गटाने बारकाईने तपासले आहे. भिंतीच्या पेशींवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. त्यांतल्या दोन प्रकारांना डुकराचा शुक्राणू पकडतो: एक सल्फेट जोडलेली लुईस-एक्स ही तीन साखरांची साखळी, दुसरी टोकाला सियालिक आम्ल असलेली दुफाटी साखळी. प्रयोगात बीजवाहिनी बाजूला ठेवून नुसती सल्फेटवाली साखळी बारीक मण्यांवर बसवली आणि शुक्राणू तिला चिकटू दिले. तेवढ्यानेही शुक्राणूच्या पेशीत शिरणारे कॅल्शियम कमी झाले आणि चिकटलेले शुक्राणू मोकळ्या शुक्राणूंपेक्षा जास्त काळ जगले. भिंतीवरची काही प्रथिनेही याच कामाला लागतात. त्यांतले एचएसपीए८ शुक्राणूंचे आवरण टिकवायला मदत करते.

कॅल्शियमवर इतका भर का? शुक्राणूच्या आत कॅल्शियम वाढले की त्याची शेपटी जोरात फटकारायला लागते आणि डोक्यावरची विकरांची पिशवी फुटायच्या बेताला येते. अंड्याजवळ हे हवेच असते. पण अंडे सुटायच्या १५ तास आधी झाले तर शुक्राणू वायाच गेला, कारण त्या अवस्थेतून तो मागे फिरत नाही, काही तासांत मरतो. बीजवाहिनी ३९ अंशांच्या शरीरात, काहीही थंड न करता, ही घाई रोखून धरते. मग अंडे सुटण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, शुक्राणूत कॅल्शियम शिरते, शेपटीचा फटकारा वाढतो आणि शुक्राणू भिंतीपासून सुटतात. सुटतात तेही थोडे थोडे, आणि डुकराच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. डुकराच्या अंड्यात एकाहून अधिक शुक्राणू सहज शिरतात आणि तसे झाले की तो गर्भ वाढत नाही. प्रयोगशाळेतल्या फलनात हा त्रास कायमचा आहे. इंग्रज संशोधक आर. एच. एफ. हंटर यांनी अनेक वर्षे केलेल्या शस्त्रक्रियेच्या प्रयोगांत, कोठार टाळून शुक्राणू थेट वर सोडले की हाच दोष वाढलेला दिसला.

बीटीएस: घटक आणि दोष

एक लिटर पाण्यात ग्लुकोज ३७ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट १.२५ ग्रॅम, ईडीटीएचे डायसोडियम मीठ १.२५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७५ ग्रॅम. बीटीएस म्हणजे एवढेच, आणि वरून प्रतिजैविक. जेंटामायसिन असेल तर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम. ग्लुकोज खाद्यही पुरवते आणि द्रावणाचा परासरण दाबही सांभाळते. सायट्रेट आणि बायकार्बोनेट आम्लता स्थिर ठेवतात. पोटॅशियममुळे थंडीत पेशीतले पोटॅशियम झिरपून जात नाही. साध्या ग्लुकोज-सायट्रेट द्रावणांपेक्षा बीटीएस सरस ठरण्यात या चिमूटभर मिठाचा मोठा वाटा आहे.

ईडीटीए बाहेरचे कॅल्शियम बांधून ठेवते. बीजवाहिनी जे काम स्पर्शाने करते त्याची ही रासायनिक नक्कल. दुसरी नक्कल तापमानाची: १७ अंशांना पेशीचा सगळा कारभार मंदावतो. या दोन गोष्टींवर बीटीएस शुक्राणूंना तीन दिवस थोपवून धरते आणि एवढ्या स्वस्त द्रावणाकडून हे काम उत्तम म्हणावे लागेल. पण हे थोपवणे सर्वस्वी थंडीवर अवलंबून आहे. बायकार्बोनेट सुमारे १५ मिलिमोल, म्हणजे शुक्राणूला जागे करायला पुरेसे असते; १७ अंशांना ते गप्प राहते, ३७ अंशांना नाही. म्हणून रेतनाआधी बाटली तासभर कोमट पाण्यात ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे तिने फायदा काहीच होत नाही, आयुष्य मात्र घटते. मात्रा पेटीतून काढावी आणि तशीच वापरावी.

द्रावण फार्मवरच बनवत असाल तर चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली पाण्याची. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी प्रयोगशाळेच्या दर्जाचे हवे. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे पाणी, आरओचे किंवा बाटलीबंद पिण्याचे पाणी चालत नाही. दुसरी चूक ग्लुकोजची. वरचे ३७ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचे वजन आहे. डब्यावर मोनोहायड्रेट लिहिले असेल तर ४०.७ ग्रॅम घ्यावे लागते, नाहीतर द्रावण पातळ पडते, पेशी फुगतात आणि शेपट्या वाकतात. तिसरी घाईची. पावडर विरघळली म्हणजे द्रावण तयार झाले असे नाही. आम्लता स्थिरावायला किमान तासभर द्यावा. बनवलेले द्रावण २४ तासांत संपवणे बरे. तयार पुडी घेतली तर वजनाची चूक टळते, पाण्याची मात्र टळत नाही.

तीन दिवसांनंतर बीटीएस मागे पडते. त्यात आम्लता धरून ठेवणारा जोरकस घटक नाही आणि आवरण जपणारे प्रथिनही नाही. जर्मनीत तयार झालेल्या अँड्रोहेप या द्रावणात हेपेस हे आम्लता धरून ठेवणारे रसायन आणि गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन, दोन्ही घालतात. असली द्रावणे जास्त दिवस टिकतात, महागही पडतात. वीर्यकेंद्र एका दिवसाच्या अंतरावर असेल तर जास्तीचे पैसे मोजू नयेत. मात्रा हातात पडेपर्यंतच दोन दिवस जात असतील तर बीटीएसच घेऊ नये.

मात्रा: लेबलवर काय पाहायचे

गर्भाशयमुखात सोडायच्या मात्रेत २५० ते ३०० कोटी शुक्राणू आणि ८० ते १०० मिली द्रव हवा. हा आकडा ऐकायला अवाढव्य वाटतो, कारण शेवटी कोठारात पोचणार काही हजार. पण वाटेतली गळती वर सांगितली तेवढी आहे. आकारमानाचेही कारण तेच: लांबलचक शिंगे भरून आकुंचन सुरू व्हायला द्रव पुरेसा लागतो. ५० मिलीत ३०० कोटी कोंबून गर्भाशयमुखात सोडणे हा काटकसरीचा मार्ग नाही.

वीर्यकेंद्राचे गणित कसे चालते तेही माहीत असावे. समजा गाळलेले वीर्य २५० मिली, घनता मिलीला २० कोटी आणि चांगले हलणारे ८० टक्के. एकूण ५,००० कोटी, कामाचे ४,०००. तीनशेच्या हिशेबाने १३ मात्रा. प्रत्येकी ८० मिली धरले तर एकूण १,०४० मिली, म्हणजे द्रावण ७९० मिली. कोणी एवढ्याच वीर्यातून २५ मात्रा काढत असेल तर लेबलवर काहीही छापलेले असो, बाटलीत १६० कोटीच आहेत. पातळ करताना द्रावण आणि वीर्य यांच्या तापमानात एक-दोन अंशांहून जास्त फरक नसावा आणि द्रावण वीर्यात हळूहळू ओतावे. वीर्य गोळा करताना लेटेक्सचे हातमोजे नकोत, ते शुक्राणूंना विषारी ठरतात. व्हिनाइल किंवा नायट्राइलचे घ्यावेत.

लेबलवर नराचा क्रमांक, जात, वीर्य घेतल्याची तारीख, मात्रेतली संख्या आणि वापराची मुदत या पाच गोष्टी नसतील तर मात्रा परत करावी. एवढ्या बाबतीत आम्ही कडक आहोत, कारण पुढे मादी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर शोध इथूनच सुरू करावा लागतो.

तपासणी साधी आहे. बाटली हळुवार उलटीसुलटी करून तळाला बसलेला साका सारखा मिसळावा. दोन मिली वेगळ्या नळीत घेऊन ३७ अंशांना १५ ते २० मिनिटे ठेवावे आणि कोमट काचेवर एक थेंब पाहावा. काच थंड असेल तर चांगले वीर्यही मेल्यासारखे दिसते. साठ टक्क्यांहून कमी शुक्राणू पुढे सरकत असतील तर ती मात्रा वापरू नये. डोक्याला डोकी चिकटून गुच्छ झाले असतील तर जिवाणूंचा संशय घ्यावा. जागच्या जागी लहान वर्तुळात फिरणारे शुक्राणू हलताना दिसतात, पण त्यांना धडधाकट समजू नये.

या तपासणीची मर्यादा मात्र मोठी आहे. सूक्ष्मदर्शक हालचाल दाखवतो; भिंतीला चिकटण्याची ताकद दाखवत नाही. जर्मनीत हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात डॅगमार वाबेरस्की आणि सहकाऱ्यांनी बीजवाहिनीच्या तुकड्यांवर साठवलेले वीर्य सोडून पाहिले, तेव्हा साठवणीचा काळ वाढला तशी काही नरांच्या शुक्राणूंची चिकटण्याची क्षमता घटलेली दिसली. चौथ्या-पाचव्या दिवशी हालचाल सत्तर टक्के दिसूनही पिल्ले कमी का पडतात, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. चिकटणे जमले नाही तर शुक्राणू कोठारात थांबत नाही आणि त्याचे आयुष्य काही तासांवर येते. बाटलीवर सात दिवसांची मुदत छापलेली असली तरी बीटीएससाठी आम्ही तीनच दिवस धरतो.

साठवणुकीची पेटी

तापमान १६ ते १८ अंश. डुकराच्या शुक्राणूच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी आणि असंतृप्त चरबी जास्त असल्याने १५ अंशांच्या खाली ते आवरण कडक होऊन तडकते, आणि ही इजा पुन्हा ऊब देऊन भरून निघत नाही. घरच्या फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवलेली मात्रा फेकून द्यावी. गाई-म्हशींच्या रेतमात्रा द्रव नायट्रोजनमध्ये पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे सांगावेच लागते, कारण ‘जितके थंड तितके बरे’ हा समज तिथून येतो. बर्फाला खेटून ठेवलेली बाटली एका बाजूने मरते आणि दुसऱ्या बाजूने बरी दिसते.

विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात पेटी घेताना ‘थंड करते का’ एवढेच विचारू नये. गरम आणि थंड दोन्ही करणारी, थर्मोस्टॅट असलेली पेटी घ्यावी. नुसते थंड करणारी पेटी डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर आत, बाटल्यांच्या मधोमध ठेवावा. दरवाजावरचा आकडा दरवाजाचा असतो. १२ व्होल्टवर चालणारी असेल तर लोडशेडिंगमध्ये गाडीच्या बॅटरीवर भागते. वाहतुकीसाठी थर्माकोलची पेटी चालते, पण जेल पॅक आधी १७ अंशांनाच ठेवलेले असावेत, फ्रीझरमधून काढलेले नकोत. बाटल्या आडव्या ठेवाव्यात, दिवसातून दोनदा हलक्या हाताने फिरवाव्यात, उन्हापासून जपाव्यात. एकदा पेटीबाहेर काढून गरम झालेली मात्रा परत आत ठेवू नये.

पेटी कितीही चांगली असली तरी नराला लागलेला उन्हाळा ती सुधारत नाही. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला दीड महिन्याच्या आसपास लागतो. एप्रिल-मेच्या उकाड्याने झालेले नुकसान म्हणून जूनच्या, कधी जुलैच्या मात्रेतही दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर वीर्यकेंद्र बदलण्याआधी त्या केंद्रात नरांसाठी पंखे आणि फवारे आहेत का, हे विचारावे.

नळी

फोमच्या टोकाची नळी व्यायलेल्या मादीसाठी, लहान टोकाची किंवा बारीक मळसूत्री न व्यायलेल्या मादीसाठी. मळसूत्री टोक नराच्या शिश्नाच्या टोकासारखे असते आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून बसवावे लागते. गर्भाशयमुखात आळीपाळीने एकमेकांत बसणाऱ्या गाद्या असतात, टोक त्यांत अडकले की हलके ओढूनही निघत नाही. नळी कोणतीही असो, आत घालताना टोक वर, साधारण ४५ अंशात ठेवावे. सरळ घातली तर मूत्रमार्गात जाते. वंगण शुक्राणूंना चालणारेच हवे, आणि तेही टोकाच्या भोवती, छिद्रावर नको. बाहेरचा भाग कोरड्या कागदाने पुसावा. पाण्याने धुतला तर तेच घाणेरडे पाणी नळीबरोबर आत जाते.

सर्वांत जास्त नुकसान बाटली दाबण्याने होते. मात्रा मादीने ओढून घ्यायची असते. समोर नर नाकाला नाक लागेल असा उभा असला, पाठीवर दाब आणि कुशीला चोळणे चालू असले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते, गर्भाशय आकुंचन पावते आणि बाटली ३ ते ५ मिनिटांत आपसूक रिकामी होते. बाटली आकसून बसली तर वर एक बारीक भोक पाडावे. रिकामी झाल्यावर नळी दुमडून आणखी काही मिनिटे तशीच ठेवावी. दाबून अर्ध्या मिनिटात संपवलेली मात्रा बरीचशी जमिनीवर दिसते.

गर्भाशयमुखापलीकडे सोडणारी दुहेरी नळी, जिला पोस्ट-सर्व्हायकल म्हणतात, तिच्यात बाहेरच्या नळीतून एक लवचीक बारीक नळी आणखी १५ ते २० सेंटिमीटर पुढे जाते आणि वीर्य थेट गर्भाशयात पडते. गळती कमी होते, म्हणून १५० कोटी शुक्राणू आणि ४० ते ५० मिली पुरतात. चांगल्या नराच्या वीर्यातून दुप्पट मात्रा निघतात, वेळही वाचतो. वस्तू म्हणून ती आम्हाला आवडते, पण तिची शिस्त वेगळी आहे. इथे रेतनाच्या क्षणी नर समोर नको, कारण त्याच्या वासाने गर्भाशयमुख आवळते आणि आतली नळी अडते. बाहेरची नळी बसवून एक-दोन मिनिटे थांबावे, मग आतली हलकेच सरकवावी. अडली तर जोर करू नये, थांबून पुन्हा पाहावे. टोकाला रक्त दिसले तर त्या दिवशी त्या मादीला साध्या नळीने पूर्ण मात्रा द्यावी. न व्यायलेल्या मादीत ही नळी वापरू नये, तिचे गर्भाशयमुख तेवढे मोकळे नसते.

ही नळी कोठारापर्यंत नेत नाही, हेही लक्षात असू द्यावे. खिंड ओलांडून चिकटण्याची परीक्षा शुक्राणूंना इथेही द्यावीच लागते. जुन्या, थकलेल्या मात्रेला लांब नळीने तारता येत नाही.

वेळ चुकली तर मात्रेला बोल लावू नये

मादीचा माज ४० ते ६० तास टिकतो आणि अंडी माजाचा साधारण दोन-तृतीयांश काळ गेल्यावर सुटतात. सुटलेले अंडे आठेक तासच कामाचे असते. ताज्या, तीन दिवसांच्या आतल्या मात्रेला बीजवाहिनी २४ तास सांभाळते, म्हणून रेतन अंडी सुटण्याच्या आधीच्या २४ तासांत पडायला हवे. माज सकाळ-संध्याकाळ, नर समोर ठेवून, पाठीवर दाब देऊन तपासावा. पिल्ले तोडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी माजावर आलेल्या मादीचा माज लांबतो. तिला माज दिसल्यावर २४ तासांनी पहिली मात्रा आणि ती स्थिर उभी राहत असेतोवर दर २४ तासांनी पुढची. सहाव्या-सातव्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्या मादीचा माज आखूड असतो, अंडी लवकर सुटतात. तिला माज दिसताच. न व्यायलेल्या मादीला १२ तासांच्या आत. माज ओसरल्यावर, दाब दिला की ती पुढे सरकायला लागल्यावर, ‘असू दे एक’ म्हणून दिलेली मात्रा उलट अपाय करते: गर्भाशयाचे रक्षण तोवर ढिले पडलेले असते आणि नळीबरोबर गेलेले जंतू तिथे टिकतात.

गोठवलेल्या वीर्याशी तुलना केली की बीजवाहिनीचे महत्त्व आणखी उघड होते. गोठून वितळलेल्या शुक्राणूत कॅल्शियम आधीच शिरलेले असते, ते नीट चिकटत नाहीत, आणि म्हणून त्यांना अंडी सुटण्याच्या आधीच्या ४ ते ८ तासांतच गाठावे लागते. अल्ट्रासाउंडशिवाय ही वेळ साधणे फार अवघड आहे. दुर्मीळ जात जपायला, दूर देशातला वंश आणायला ते योग्य. रोजच्या रेतनाला द्रव मात्राच घ्यावी.

भारतात कोणी घ्यावी

आसामात गुवाहाटीजवळ राणी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे, आणि ईशान्येकडच्या राज्यांत द्रव वीर्याचे रेतन शेतकऱ्यांच्या दारापर्यंत पोचले आहे. गोव्यात जुने गोवे येथे याच परिषदेची किनारी कृषी संशोधन संस्था आहे. आगोंद गोवन ही गोव्याची देशी डुकराची नोंदणीकृत जात. अशा स्थानिक मादींना यॉर्कशायरसारख्या परदेशी नराचे वीर्य द्यायचे तर नळी लहान टोकाची घ्यावी, कारण अंगाने त्या लहान असतात. महाराष्ट्रात वराहपालन विखुरलेले असल्याने वीर्यकेंद्राचे अंतर हाच पहिला प्रश्न. मात्रा २४ तासांत हातात येत असेल तर दहा मादींच्या फार्मलाही नर पोसण्यापेक्षा मात्रा परवडते, मात्र माज ओळखायला एक म्हातारा, शांत नर तरीही ठेवावा.

भारतात २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीवर आहे. रेतनामुळे नर गावोगाव फिरवणे टळते, हा मोठाच फायदा. पण हा विषाणू वीर्यातूनही जाऊ शकतो, आणि द्रावणातले प्रतिजैविक विषाणूवर काहीच करत नाही. केंद्राकडे नरांच्या तपासणीचा कागद मागावा आणि तो चालू तारखेचा आहे का ते पाहावे.

मात्रा घेतल्यापासून वहीत मादीचा क्रमांक, नराचा क्रमांक, वीर्य घेतल्याची तारीख, रेतनाची वेळ आणि मागे किती ओघळले हे लिहीत जावे. मादी १८ ते २४ दिवसांत उलटली तर फलनच झाले नाही: संख्या, साठवण, मात्रेचे वय आणि रेतनाची वेळ या क्रमाने तपासावे. २५ ते ३८ दिवसांच्या दरम्यान उलटली तर गर्भ धरून गेला आहे. तिथे वीर्यकेंद्राशी भांडण्याआधी आजार, बुरशी लागलेले खाद्य आणि रेतनानंतरच्या पहिल्या महिन्यात मादींची केलेली हलवाहलव पाहावी. एकाच नराच्या अनेक मादी उलटल्या तर नराकडे, वेगवेगळ्या नरांच्या पण एकाच माणसाने रेतन केलेल्या उलटल्या तर हाताकडे, आणि एकाच आठवड्यातल्या सगळ्या उलटल्या तर पेटीच्या थर्मामीटरकडे पाहावे.